कमान नको, पडवी द्या

१९३२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फिलिप जॉन्सन आणि हेन्री-रसेल हिचकॉक यांनी एक प्रदर्शन भरवलं. सपाट छप्पर, कोऱ्या भिंती, नक्षीला मज्जाव. या घराण्याला त्यांनी ‘इंटरनॅशनल स्टाइल’ असं नाव दिलं. पन्नासेक वर्षांनी त्याच शहरात त्याच जॉन्सन यांनी एटी अँड टी कंपनीची ३७ मजली इमारत बांधली आणि तिच्या माथ्यावर, जुन्या लाकडी कपाटाला असतो तसा, मधोमध खाच पाडलेला त्रिकोण चढवला. १९८४ मध्ये ती पुरी झाली आणि उत्तर-आधुनिक वास्तुकलेची ओळख बनली.

माझा त्या त्रिकोणावर राग नाही. राग आहे तो चुकलेल्या निदानावर. सेंट लुईसमधली प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची सरकारी वसाहत १९७२ पासून पाडायला घेतली. चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने आपल्या १९७७ च्या पुस्तकात आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू तिथेच झाल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात ती वसाहत मेली ती देखभालीला पैसा न मिळाल्यामुळे. देखभाल भाड्यातून भागवायची होती. शहरातली वस्ती आटत गेली, भाडेकरू कमी झाले, आणि वर्णभेदाने उरलेल्यांची कोंडी केली. पण दोष शैलीच्या माथी मारला गेला, म्हणून औषधही शैलीचंच निघालं. रंग, खांब, कमानी.

त्या औषधाचा गुण पोर्टलंड शहराच्या सरकारी कचेरीत दिसला. मायकेल ग्रेव्हज यांची ही १५ मजली इमारत १९८२ ची. बाहेरून रंगीबेरंगी, चेहऱ्यावर भलेमोठे खांब चितारलेले. आत इवल्या चौकोनी खिडक्या आणि अंधार. गळतीने ती इतकी बेजार झाली, की नव्या दुरुस्तीत तिला अॅल्युमिनियमचं आवरण घालावं लागलं.

त्याच काळात मुंबईत दुसरं उत्तर तयार होत होतं. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ १९८३ ची. २८ मजले, ३२ घरं, काँक्रीटचं बांधकाम. एकही कमान नाही. कोरियांपुढचा पेच अस्सल मुंबईचा होता. वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली पडवी काढून तोड शोधली होती. कोरियांनी ती पडवी उचलून इमारतीच्या कोपऱ्यांत बसवली, दोन मजले उंचीची, बागेसकट. ऊन आणि पाऊस तिथेच अडतो, वारा घरात येतो. जुन्या घराचं रूप त्यांनी उचललं नाही, त्याची अक्कल उचलली. समीक्षक केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८३ साली ‘क्रिटिकल रीजनॅलिझम’ या नावाने, आधुनिक राहूनही स्थानिक हवामान आणि परंपरेशी नातं ठेवण्याची जी भूमिका मांडली, तिचा असा धडधडीत नमुना आपल्या शहरात उभा आहे.

आणि आपण नक्कल कशाची केली? प्रवेशद्वारी ग्रीक खांब, गच्चीवर घुमट, आणि आता पश्चिमेकडे तोंड करून उभ्या काचेच्या भिंती. दुपारी तीनला ऊन आत घ्यायचं आणि एसी लावून ते बाहेर हाकलायचं. वीजबिल रहिवाशांनी भरायचं. पडवी मात्र विकाऊ चौरस फुटांत मोडत नाही म्हणून नकाशातून गेली. घर घेणाऱ्यांनीही लॉबीतला संगमरवर पाहण्याआधी सॅम्पल फ्लॅटमध्ये एवढंच विचारावं: पाऊस कुठल्या बाजूने लागतो आणि तिथे तुम्ही काय केलंय?

‘कांचनजंगा’ श्रीमंतांसाठी होती, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर नवी मुंबईतल्या बेलापूरला आहे. कोरियांनीच तिथे सिडकोसाठी, १९८० च्या दशकात, साध्या गवंड्यांना बांधता येतील अशी बैठी घरं आखली. सात घरांचा एक चौक, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, आणि पुढे तसंच वाढत जायचं. उत्पन्नात पाचपटीचा फरक असलेली कुटुंबं इथे यायची होती, पण भूखंड मात्र साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतच ठेवले. म्हणजे गरिबाच्या वाट्याला जमीन नावापुरती आली नाही. सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. त्यामुळे कुणालाही न विचारता खोली वाढवता येते, मजला चढवता येतो.

लोकांनी तेच केलं. कौलारू उतरती छपरं बऱ्याच ठिकाणी गेली, त्यांच्या जागी दोन-तीन मजली आरसीसीची घरं आली, टाइल्स लागल्या, मन मानेल ते रंग आले. वास्तुकलेची मंडळी हे पाहून हळहळतात, कोरियांचं काम पुसलं गेलं म्हणतात. मला ही हळहळ मुळीच पटत नाही. घर राहणाऱ्याच्या हाती जावं आणि त्याच्या ऐपतीबरोबर वाढावं, यासाठीच तर ही आखणी होती. आधुनिक वास्तुकलेने माणसाला तयार साच्यात बसवलं, हा तिच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप होता, आणि बेलापूरच्या रहिवाशांनी आपला साचा स्वतः मोडून घेतला. छपरं बदलली तरी चालतील. महापालिकेने आणि सिडकोने राखायचे आहेत ते मधले चौक. त्यांत एकही गाडी कायमची उभी राहू देऊ नये.