मानपत्रातून ‘धाडस’ कसे वगळावे

एलजीबीटी समाजातील स्थानिक गुणवंतांसाठी पुरस्कार आणि स्नेहभोजन करायचे ठरले, की मंडळाने आधी मंगल कार्यालयाची आणि केटररची तारीख पक्की करावी. गुणवंत मागाहून शोधता येतात. हा क्रम कुठल्याही सत्काराला चालतो, पण इथे तो विशेष सोयीचा आहे, कारण पुरस्कार कशासाठी याचे उत्तर आधीच तयार असते: धाडस. या एका शब्दावर निवृत्त मुख्याध्यापक मानपत्राचे चार परिच्छेद सहज काढतात. हे धाडस नेमके कुणासमोर करावे लागले, हे कुणी विचारत नाही, ही त्यातली मोठी सोय. विचारलेच, तर भाड्याने खोली नाकारणारे आणि मुलाला ‘सरळ’ करायला डॉक्टर शोधणारे पहिल्या तीन रांगांत बसलेले सापडण्याची भीती असते, आणि बऱ्याचदा देणगीदारही तेच असतात.

तरीही एखाद्या मंडळाला खरोखर सत्कारच करायचा असेल (असे क्वचित घडते), तर मानपत्राच्या मसुद्यातून हा शब्द खोडून काय उरते ते पाहावे. काहीच उरले नाही, तर दोष सत्कारमूर्तीचा नसून चौकशीचा आहे. उदाहरणांची टंचाई नाही. अशोक राव कवी यांनी 1990 साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात 2002 पासून बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट या समाजासाठी उभा आहे. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल ज्या खटल्यात लागला, त्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही बाजू मांडत होत्या. अंक काढायला छपाईचा खर्च लागतो, संस्था चालवायला दरवर्षी हिशेब द्यावे लागतात, खटल्यासाठी तारखांना हजर राहावे लागते. यातले काहीही नुसत्या निधड्या छातीने होत नाही.

यावर समितीतून पहिला आक्षेप येतो: पण उघडपणे जगणे हेच धाडस नाही का? आहे, आणि म्हणूनच त्याला मानचिन्ह देताना संकोच वाटायला हवा. आपणच रस्त्यात खड्डा ठेवावा आणि तो ओलांडणाऱ्याला शाल पांघरावी, असा हा प्रकार होतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: काम मोजायला बसलो, तर पुरस्कार नेहमीच्या प्रसिद्ध नावांनाच जातील. मात्र त्यावरचा उपाय जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रांगेतच उभा असतो. 2019 च्या कायद्यानुसार पारलिंगी व्यक्तीला ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी इतरांचे अर्ज भरून देणारी, शपथपत्रे करून देणारी, कुणाला इस्पितळात सोबत करणारी माणसे गावोगाव आहेत. अर्ज किती भरले आणि इस्पितळात रात्री किती काढल्या, हे विचारले की मानपत्राची अडचण सुटते. फोटोग्राफरला मात्र आधीच बजावून ठेवावे. ज्यांनी घरी अजून सांगितलेले नाही, त्यांना परस्पर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापणे हा सत्काराचा भाग नव्हे. मानचिन्हावर नाव कोरायला देण्यापूर्वी तेही ज्याचे त्यालाच विचारावे. आधार कार्डावरचे नाव हे त्या माणसाचे नाव असेलच असे नाही.

राहिली निमंत्रणपत्रिका. तिच्यावर सवयीने ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापले जाते, आणि खरी परीक्षा इथेच होते. एकटा लढवय्या हवा असलेल्या मंडळाला त्याचे कुटुंब ही अडचण वाटते. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यामुळे ज्या सभागृहात शाल-श्रीफळ मिळणार, तिथेच सत्कारमूर्तीचे समलिंगी जोडीदाराशी कायदेशीर लग्न लागू शकत नाही. ‘मंगल कार्यालय’ ही पाटी त्या संध्याकाळपुरती झाकावी की नाही, याचा निर्णय कार्यकारिणीने घ्यावा. केटररला आकडा कळवताना मात्र जोडीदाराचे ताट न विसरता धरावे, आणि खुर्ची शेजारचीच द्यावी. केटरर नात्याचा दाखला मागत नाही. त्याला फक्त निम्मी रक्कम आगाऊ लागते.