आठ मीटरवरील डोळ्याचे वाहनमालकांस खुले पत्र

प्रति,
जुन्या सेडानला नवे दिवे बसविणारे सन्माननीय वाहनमालक,
छत्रपती संभाजीनगर

विषय : सायंकाळनंतर जालना रोडवर मुक्तहस्ते वाटल्या जाणाऱ्या उजेडाबद्दल आभार.

स. न. वि. वि.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ हा वाहनाच्या पुढील दिव्यांचा झोत खाली वळविण्याबाबतचा असून, तो किती खाली असावा हे ठरविण्यासाठी नियमकर्त्यांनी एक डोळा गृहीत धरला आहे : दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला हा डोळा दिपता कामा नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा आहे. प्रस्तुत पत्र त्या डोळ्याच्या वतीने धाडण्यात येत आहे. नियमाच्या पुस्तकात तो तीसहून अधिक वर्षे निमूटपणे उभा असला, तरी या शहरात तो बहुधा मोटारसायकलवर असतो, शेंद्रा किंवा वाळूजची दुसरी पाळी संपवून घराकडे निघालेला असतो, आणि महोदयांची गाडी समोर येताच काही क्षण त्याला दुभाजक कोणता, खड्डा कोणता व रस्ता कोणता हे कळेनासे होते.

महोदयांचा गाडीवरील जीव या शहराच्या लौकिकास साजेसाच आहे. २००१ च्या सुमारास शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या ऑक्टाव्हिया जोडल्या जाऊ लागल्या आणि आपल्याच तालुक्यात तयार झालेली परदेशी गाडी दारात उभी करण्याचे भाग्य इथल्या कुटुंबांना लाभले. ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या खरेदीदारांच्या एका गटाने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज, सुमारे ६५ कोटी रुपयांना, उचलल्या आणि देशभरच्या वृत्तपत्रांना काही दिवसांचा खुराक पुरविला. त्या गाड्यांनी आता पंधरा वर्षे ओलांडली आहेत, म्हणजे त्याही आता जुन्या सेडानच. याहून गमतीची बाब अशी की, वाळूजमध्ये बजाजला सुटे भाग पुरवीत वाढलेल्या व्हेरॉक या कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेतील व्हिस्टिऑनचा दिव्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला आणि पुढे २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतील चारचाकींच्या दिव्यांचा व्यवसाय प्लास्टिक ऑम्नियम या फ्रेंच कंपनीला विकून टाकला. मोटारीच्या हेडलाइटसाठी अभियंत्यांच्या फौजा राबतात, हे ज्या शहराला घरबसल्या ठाऊक असायला हवे, तिथेच ॲक्सेसरीजच्या दुकानातील चहा निवण्याच्या आत महोदयांनी त्या हेडलाइटची सुधारणा उरकून दाखविली, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

या सुधारणेत नेमके काय सुधारले, हे पाहण्यासाठी आधी जे होते त्याकडे पाहिले पाहिजे. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत कारखान्याने बसविलेला बल्ब एच-४ जातीचा हॅलोजन असतो. त्यात टंगस्टनच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक अप्परसाठी ६० वॅटचे आणि दुसरे डिप्परसाठी ५५ वॅटचे. आणि डिप्परच्या वेटोळ्याला खालून चिकटून नखाएवढी पत्र्याची वाटी असते. बल्ब हातात धरून उजेडाकडे पाहिल्यास ती सहज दिसते, पण तिच्याकडे पाहण्याची उसंत सहसा कोणाला नसते. ही वाटी खालच्या दिशेने जाणारा प्रकाश अडविते, त्यामुळे परावर्तकाच्या, म्हणजे बल्बमागील चकचकीत खोलगट भागाच्या, केवळ वरच्या अर्ध्यावर प्रकाश पडतो आणि तो तेथून रस्त्याकडे खाली वळतो; वाटीची एक कड किंचित तिरपी असल्याने झोताची वरची रेघ डाव्या अंगाला पंधरा अंशांनी चढते व डाव्या कडेने चालणारा पादचारी दिसतो, उजवीकडून येणाऱ्याचे डोळे मात्र अंधारात सुरक्षित राहतात. हा सारा सभ्यपणा एका वाटीवर आणि वेटोळे आपल्या जागेवरून मिलिमीटरभरही न हलण्यावर अवलंबून आहे.

महोदयांनी त्या जागी एलईडीची कांडी खोवली. तिच्यात वेटोळे नाही. पट्टीच्या दोन अंगांना चिकटविलेल्या चिप्स आहेत, ज्यांचा आकार आणि बैठक मूळ वेटोळ्याशी तंतोतंत जुळणे दुरापास्त असते, आणि त्यामुळे भलत्या जागी बनलेल्या उजेडाला परावर्तक भलत्याच दिशेला पाठवितो. त्यातही महोदयांची निवड ६००० केल्विनची. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप असून हॅलोजनचा पिवळसर उजेड ३२०० च्या आसपास भरतो. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होतो आणि जोरदार झाला असे वाटते. बोनेटसमोरचे काही मीटर लख्ख पांढरे झाले की चालकाच्या डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरचे त्याला आधीपेक्षा कमीच दिसते, तरीही ‘रस्ता कसा पांढराफटक दिसतो’ हे समाधान अबाधित राहते. पैठण रोडने दिव्याविना चाललेली उसाची ट्रॉली अर्थातच त्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे असते.

एलईडीवर विश्वास नसलेले काही जुने जाणकार १००/९० वॅटचा हॅलोजन पसंत करतात. १२ व्होल्टवर ५५ वॅटचे वेटोळे साडेचार अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह ओढते, ९० वॅटचे साडेसात. जुनी वायर हा भार घामाघूम होऊन वाहते आणि एके दिवशी बल्बचा होल्डर वितळतो. बिचाऱ्या मूळ बल्बवर मंदपणाचा ठपका ठेवणारे त्याला पोहोचणारा विद्युतदाब क्वचितच मोजतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असताना गंजलेली अर्थिंग आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत फिरून येणारी जुनी वायर यांनी दीड व्होल्ट वाटेतच गिळला, तर सुमारे एक तृतीयांश उजेड गेलाच. बॅटरीपासून थेट जाडजूड वायर आणि स्विचच्या हलक्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा रिले बसविला की तो परत येतो. ही सुधारणा मात्र बाहेरून कोणाला दिसत नाही, हा तिचा अक्षम्य दोष आहे.

हेडलाइटच्या काचेचीही तीच कथा. ती काच नव्हेच. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक आहे, जे मराठवाड्याच्या उन्हात वरचे संरक्षक लेपन गमावून पिवळे व धुरकट पडते, आणि धुरकट काचेमागे कितीही वॅट कोंबले तरी उजेड पुढे जाण्याऐवजी चहूबाजूंना सांडतो. ओला वॉटर पेपर क्रमाक्रमाने बारीक करीत घासावा, पॉलिश करावे, वर अतिनील किरणे अडविणारा नवा लेप द्यावा. एका रविवारचे काम. डॅशबोर्डवरील ० ते ३ आकड्यांची ती लहानशी चकती फिरविण्यास तर रविवारही लागत नाही. मागे तिघे आणि डिकीत सामान घेऊन वेरूळला निघालेल्या गाडीचे नाक वर होते, त्यासोबत झोतही वर जाऊ नये म्हणून कारखान्याने ती दिली आहे. बहुतेक गाड्यांत ती शोरूममधून आली त्या दिवसापासून शून्यावर अढळ आहे.

कायद्याचा विषय काढणे मराठी पत्रात असभ्य ठरेल, तरी उल्लेखापुरते : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावले. एके काळी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगविलेला असे. तेव्हा उजेड एवढा मुबलक नव्हता, तरी लाज होती. समोरून ‘डिप्पर द्या’ म्हणून दिवा लुकलुकविणाऱ्यास महोदयांकडून उलट अप्पर मिळतो, यामागे उद्धटपणा नसून, डिप्पर आणि अप्पर यांत आता फारसा फरकच उरलेला नाही, हे डोळ्याने समजून घेतले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला दिपलेला,
नियम १०६ मधील डोळा

ता. क. : गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करताना दिव्यांची तपासणी होते, म्हणून काढलेले मूळ बल्ब महोदयांनी डिकीत जपून ठेवावेत, आदल्या संध्याकाळी ते बसवून दुसऱ्या दिवशी परत काढून देणे मेकॅनिक मंडळींना अवघड नाही. मात्र हाताळताना त्यांच्या काचेला बोट लागू देऊ नये, कारण त्वचेचे तेल लागलेली जागा अधिक तापून बल्ब लवकर जातो, आणि नूतनीकरण दर पाच वर्षांनी असल्यामुळे त्यांची गरज पुन्हा पडणार आहे.