पंखा बंद कर आधी

दार पुरतं उघडायच्या आत काकांचा उजवा हात घरात शिरतो. त्या हाताच्या चिमटीत कागदाची पुडी असते आणि मागून आवाज येतो, "पंखा बंद कर आधी!"

मे महिना, दुपारचे साडेतीन, पुण्यातलं पश्चिमेकडे तोंड असलेलं घर. तरी पंखा बंद होतो. काका घाम पुसतात, आम्हीही पुसतो, आणि सगळे मिळून पुडीत डोकावतो. आत तपकिरीची चिमूट असावी तसं काहीतरी असतं. हे ओरेगॅनोचं बी. ग्रॅमला साधारण 10 हजार भरतं, असं काका सांगतात. श्वास घेताना आपण त्यातले किती हजार ओढून घेऊ या धास्तीनं मी नाक दुसरीकडे वळवतो.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी तो पेंटच्या रिकाम्या बादलीत टोमॅटो लावतो, दुसऱ्या वर्षी जिन्यात भेटेल त्याला कढीपत्त्याचं रोप देतो आणि तिसऱ्या वर्षी देशी झाडांवरचं त्याचं मन उडतं. शेजारच्या सोसायटीत अ‍ॅव्होकॅडोवाले आहेत. त्यांच्याकडे खिडकीत कोयी टूथपिक टोचून पाण्याच्या पेल्यांवर टांगलेल्या असतात. मागच्या गल्लीत ड्रॅगन फ्रूटवाले आहेत. आमच्या वाट्याला ओरेगॅनो आला.

त्याचं मूळ काटकसरीत आहे. नातवानं मागवलेल्या पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या फेकून द्यायची वेळ आली, तेव्हा काकांनी त्या वाचवल्या. "फुकट आलेलं टाकायचं नसतं," असं म्हणत त्यांनी पुडीतला पाला कुंडीत पेरला आणि तीन आठवडे इमानानं पाणी घातलं. तो वाळवून चुरलेला पाला होता, तो यथावकाश कुजला. काकांनी जन्मभर लोकांचे हिशेब तपासले असल्यामुळे नुकसान कुठं दाखवायचं हे त्यांना बरोबर कळतं. वहीत त्यांनी लिहिलं : 'खत.'

मग रोपवाटिकेतून रोप आणलं. आणलेल्या रोपाची फांदी खुडून लावली तर ती आठ-पंधरा दिवसांत मुळं धरते आणि आईसारखंच झाड होतं. पण ते काकांना कमीपणाचं वाटतं. "फांदी काय, कोणीही लावेल. बी धरणं म्हणजे खरं!" बीपासून उगवलेलं प्रत्येक रोप वासाला थोडं वेगळं निघतं, एखादं झणझणीत तर एखादं नुसतंच गवत, हे त्यांना माहीत आहे. घरात दोन्ही मुलगे वेगवेगळे निघाल्यामुळे त्यांना त्याचं नवल वाटत नाही.

बी धरायचं तर फूल यायला हवं आणि काकांच्या झाडाला दोन वर्षं फूल येईना. काकांनी कारण शोधून काढलं. ओरेगॅनो युरोपातला, भूमध्य समुद्राच्या आसपासच्या डोंगरांतला. तिथला उन्हाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा लांब. मोठा दिवस असल्याखेरीज त्याच्या मनात फुलायचं येत नाही. काकांनी बाल्कनीत बल्ब टांगला आणि रात्री दहापर्यंत कुंडीवर उजेड सोडला. वॉचमननं दोनदा वर येऊन घरात कोणाचं दुखतंय का, अशी चौकशी केली. काकूंनी फक्त एकच विचारलं, "अहो, ते झोपणार कधी?"

एप्रिलच्या शेवटी फुलं आली. पांढरट-गुलाबी, मोहरीएवढी, तुऱ्यातुऱ्यांनी. सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. बारशाला जमावं तसे आम्ही जमलो आणि पेढा मिळेल म्हणून थोडं रेंगाळलोही. मिळालं ते व्याख्यान.

व्याख्यानात दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खोडा घातला. "हे आमच्याकडे आहे की," त्या म्हणाल्या, "भजी करतो आम्ही त्याची." काकांचा चेहरा पडला. आजी म्हणत होत्या ते ओव्याचं पान : जाड, लवदार, चिरलं की पाणी सुटणारं. ते वेगळं झाड. आणि स्वयंपाकातला ओवा हे तिसरंच झाड, त्याचा कोथिंबिरीशी घरोबा. तिघांत थायमॉल, कार्व्हॅक्रॉल या मंडळींपैकी कोणी ना कोणी असतं म्हणून वास एकमेकांत मिसळतो. नातं म्हणाल तर ओव्याचं पान ओरेगॅनोला लांबून लागतं, ओवा मात्र दोघांनाही लागत नाही. आजींनी पान चुरगळलं, हुंगलं आणि निकाल दिला, "ओवाच आहे. परदेशी जाऊन बारीक झालाय."

ओरेगॅनोचं खरं जवळचं नातं निघालं ते काकूंच्या मरव्याशी. काकू मोगऱ्याच्या गजऱ्यात घालायला बाल्कनीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मरवा लावतात, तो ओरेगॅनोचा सख्खा भाऊ, एकाच कुळातला. आमच्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात जवळजवळ पिझ्झाचा मसालाच माळत होत्या, हे त्या दिवशी कळलं. काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना घोर लागला. दोघांचा संकर होतो म्हणे. एक मधमाशी इकडून तिकडे गेली की बी बाटलं. त्यांनी मरवा हलवायचा प्रस्ताव मांडला. काकूंनी तो फेटाळला. "मरवा माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे," त्या म्हणाल्या, "आईकडून आणलाय. नवीन आलाय त्यानं जुळवून घ्यावं."

तेव्हा काकांनी जुना पंचा फाडून छोट्या पिशव्या शिवल्या आणि ओरेगॅनोच्या एकेका तुऱ्याला बांधल्या. आत मधमाशी जाणार नाही तर बी धरणार कसं, हा प्रश्न त्यांना दोन दिवसांनी पडला. मग रोज सकाळी आंघोळ करून, नातवाच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश घेऊन, या फुलावरून त्या फुलावर. खालून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा बाल्कनीत बसून झाडाला पावडर लावतोय.

पुढची लढाई पावसाशी. तुरे झाडावरच सुकून तपकिरी व्हायला हवेत. हिरवे कापले तर बी पोचट. आणि नेमका त्याच दिवसांत वळीव येतो. संध्याकाळी आभाळ भरलं की काका बाजारातून, देवळातून, एकदा तर साखरपुड्याच्या पंगतीतून उठून घरी पळाले आहेत. जिन्यात धापा टाकत ते ओरडत येतात, "कुंडी! कुंडी आत घ्या!" वाळत घातलेले कपडे भिजले तरी चालतात. एकदा काकूंनी कुंडी आत घेतली, कपडे बाहेर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी काकांना तोच ओला सदरा घालायला दिला.

तुरे कापले की ते कागदी पिशवीत उलटे लटकतात, आठवडाभर. मग पेपरावर चोळायचे, चहाच्या गाळणीतून गाळायचे, भुसकट फुंकायचं. फुंकणं ही यातली विद्या. जरा जोरात फुंकलं की वर्षाची मेहनत सोफ्याखाली. या दिवसांत काकांच्या घरात पंखा बंद, खिडक्या बंद, आणि हसायलाही बंदी. मग भिंग लावून, ओल्या टूथपिकच्या टोकानं 10 बिया उचलून ओल्या कागदावर उगवणीची परीक्षा. 10 पैकी 7 उगवल्या की साठा पास. पास झालेलं बी औषधाच्या बाटलीत, बाटली फ्रिजमध्ये, आणि बाटलीत दमट होऊ नये म्हणून बुटांच्या खोक्यातली ती 'खाऊ नका' लिहिलेली पुडी. चप्पल-बुटांच्या दुकानात काका खोक्यांकडे ज्या नजरेनं बघतात, ती बघून दुकानदारानं एकदा त्यांना मूठभर तशाच देऊन टाकल्या.

घरात ओरेगॅनो खपतो किती म्हणाल तर काका पिझ्झा खात नाहीत, चीजनं त्यांना जळजळतं. काकूंनी एकदा पिठल्यावर टाकून पाहिला. नातू येतो तेव्हा बाहेरच्याच पुड्या फोडतो, घरचा त्याला 'फार कडक' लागतो. म्हणून बी वाटायचं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांतून, वर सुवाच्य अक्षरात : 'पसरावे. मातीने झाकू नये. उजेड आवश्यक. पाणी फवारावे.'

आता मी माझा गुन्हा सांगतो. गेल्या वर्षीचं पाकीट मी पेरलं. सूचना वाचल्या, पटल्याही. पण बी टाकून त्यावर माती लोटायची नाही म्हणजे काय, हे हाताला कळेना. हात आपोआप गेला, वर बोटभर माती आली. महिनाभर काका रोज विचारायला येत. महिनाभर कुंडीत काही नव्हतं. "झाकलंस," ते शेवटी म्हणाले. मी मान खाली घातली. संबंध सोसायटीनं झाकलं होतं.

यंदा त्यांनी दुसरी पुडी आणली. ती दुपारची, साडेतीनची. पंखा बंद, सगळे घामेजलेले, पुडी उघडलेली. तेवढ्यात वीज जाऊन पुन्हा आली की काय म्हणून आमच्या हिनं आतून सवयीनं बटण दाबलं. पंखा तीनवर होता. काका नुसतेच रिकाम्या कागदाकडे बघत उभे राहिले. चहा न घेता गेले.

जुलैत आमच्या खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत बारीक, हिरवं, गवतासारखं काहीतरी दाटीनं उगवलं. मी उपटणारच होतो. तेवढ्यात पेपर मागायला काका आले, खिशातून भिंग काढलं, वाकले. एक पान चुरलं, हुंगलं. मग शेजारचं चुरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"झाकलं नव्हतंस," ते म्हणाले.

"मी काहीच केलं नव्हतं, काका."

त्यांनी मान हलवली, वही काढली, तारीख टाकली, रोपं मोजून आकडा लिहिला. पेन 'पेरणीची पद्धत' या रकान्यावर येऊन थांबलं. काका छताकडे बघत राहिले. मग विचारलं, "तीनवरच होता ना?"