टी-वन साहेबांचा बंगला

इंग्रजाला पगार विचारणं असभ्य. पण त्याने घर केवढ्याला घेतलं, हे कुणीही खुशाल बघावं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९५ पासून नोंदल्या गेलेल्या घरविक्रीच्या किमती तिथल्या जमीन नोंदणी खात्याने जाहीर केल्या आहेत, त्याही फुकट. आपल्याकडे खरेदीखतात एक आकडा असतो आणि पिशवीत दुसरा. त्या बिचाऱ्यांना पिशवीचा शोधच लागलेला नाही.

नोंद मात्र कोरडी. स्वतंत्र बंगला असेल तर 'डी' हे एक अक्षर, मग तारीख, पत्ता, रक्कम. घेणाऱ्याचं नाव नाही, विकणाऱ्याचंही नाही. संसार मोडला म्हणून विकलं की गुडघे जिना चढेनात म्हणून, याची वाच्यता नाही. तीन मालक झाले, तीन ओळी झाल्या.

आता त्याच बंगल्याच्या बागेतल्या ओकची फाईल उघडा. मालक निनावी, पण झाडाला नाव आहे: टी-वन. शेजारची बर्च ती टी-टू. कौन्सिलने संरक्षणाचा आदेश काढला, की हिरव्या फांदीला करवत लावण्याआधी अर्ज करायचा. 'माथा दोन मीटरने उतरवणे', 'मधून विरळ करणे', 'खालून उचलणे'. वाचताना वाटतं, साहेब केस कापायला बसलेत. निर्णयाला आठ आठवडे. अर्जाला फी नाही, हे ऐकून आपल्या वॉर्डातले क्लार्क हळहळतील.

मग येतात शेजारी. ज्याच्या पन्हाळीत पानं तुंबतात तो म्हणतो, कापा. रस्त्यापलीकडचा, ज्याला हिरवाई फुकटात दिसते, तो लिहितो की हे झाड म्हणजे परिसराची शान. पर्यावरणप्रेम पानगळीपासूनच्या अंतरावर ठरतं, याचा एवढा पद्धतशीर पुरावा इतर कुठल्या दप्तरात सापडायचा नाही.

आदेश नसला म्हणून सुटका नाही. घर संवर्धन क्षेत्रात असेल, तर दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड बुंधा असलेल्या झाडासाठी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. तेवढ्यात कौन्सिल गप्प राहिली तर मौन हीच संमती; जागी झाली तर आदेश. संरक्षित झाड मेलं तर त्या जागी सहसा नवं लावायचं, आणि त्यालाही तोच आदेश लागू. सातबाऱ्यावर वारसनोंद इतकी बिनबोभाट कधी झाली असेल?

सदाहरित कुंपणाचा मान तर वेगळाच. दोन मीटरच्या वर वाढून ते शेजाऱ्याचा उजेड अडवू लागलं, की तक्रार २००३ च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्याखाली. अमली पदार्थांचे अड्डे बंद करण्याची तरतूदही २०१४ पर्यंत त्याच कायद्यात होती.

लंडनची चिकणमाती हा आणखी एक ताप. उन्हाळ्यात ओक पाणी ओढतो, माती आकसते, भिंतीला तडा जातो. विमा कंपनी म्हणते झाड पाडा, कौन्सिल म्हणते पुरावा आणा. मालक मधल्या मध्ये तडे मोजतो.

म्हणून तिकडे घर बघणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, हे नंतर पाहा. आधी वकिलाने आणलेला कौन्सिलचा शोध-अहवाल वाचा. झाडावर आदेश असेल तर त्यात तो नोंदलेला असतो. संरक्षित झाड मुद्दाम मारलं तर होणाऱ्या दंडाला इंग्लंडात वरची मर्यादा नाही.