रॅकून सिटीचे थोरले, सायलेंट हिलचे धाकटे

लग्न जुळवताना मुलाची पत्रिका बघतात, पगार बघतात, अलीकडे रक्तगटही बघतात. मुलगा रॅकून सिटीचा की सायलेंट हिलचा, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या माहेरच्यांनीही विचारलं नाही. माझा नवरा थोरला, दीर धाकटा; दोघे भाऊ सॉफ्टवेअरमध्ये, दोघेही निर्व्यसनी, समोरासमोर फ्लॅट. आणखी काय हवं? चाळिशी उलटल्यावरही हे दोन पुरुष शनिवारी रात्री हॉलमध्ये अंधार करून बसतात आणि नसलेल्या मढ्यांवरून एकमेकांचा उद्धार करतात, हे कुठल्या पत्रिकेत लिहिलेलं असणार?

ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. रॅकून सिटी हे ‘रेसिडेंट ईव्हिल’ या गेममालिकेतलं अमेरिकन शहर. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं १९९६ साली पहिला भाग काढला. त्यात शहराबाहेरच्या डोंगरातला एक वाडा आहे आणि वाड्यात औषध कंपनीच्या विषाणूनं उठवलेली मढी. सायलेंट हिल हे त्याच नावाच्या मालिकेतलं गाव, तेही अमेरिकेतलं, वसवलं मात्र कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीनं, १९९९ साली. दोन्हीकडे आपण एकटे, हातात तुटपुंजं सामान, समोरून भलतंसलतं येतंय आणि निम्मी दारं बंद. या प्रकाराला सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात आणि हे नाव रेसिडेंट ईव्हिलनं रूढ केलं. हे शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्यानं घालायला लावलं आहे. दिराचं म्हणणं, नाव ठेवणं वेगळं आणि भीती घालणं वेगळं.

रॅकून सिटीचा माणूस ओळखायचा तो साठ्यावरून. या गेममध्ये गोळ्या मोजक्या. औषधी झुडपं मोजकी. हिरव्यात लाल मिसळलं की गुण जास्त, निळं विषावर. आजवरचा खेळ जतन करायचा तर टाइपरायटर शोधायचा, आणि टाइपरायटरला लागणारी शाईची रिबीनसुद्धा मोजकीच. पहिल्या भागात नायक क्रिसच्या खिशात सहा वस्तू मावतात, नायिका जिलच्या आठ. या शिस्तीत वाढलेला माणूस पुढे संसारात पडतो तेव्हा काय होतं, ते माझ्या फ्रिजच्या दारात येऊन बघा. पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं, विमानातलं मीठ, हॉटेलातला शाम्पू. यातलं काहीही वापरायचं नाही. पुढे लागेल. त्याचा ठाम विश्वास आहे की खरं संकट नेहमी पुढच्या दारामागे असतं. त्यामुळे गेम संपतो तेव्हा ट्रंकेत ढीगभर काडतुसं शिल्लक असतात आणि सणासुदीला काढायच्या बशा लग्नापासून खोक्यातच आहेत.

याच मालिकेच्या २००५ सालच्या चौथ्या भागात लिऑन केनेडी नावाच्या नायकाजवळ एक ब्रीफकेस असते. आत चौकोन आखलेले. बंदूक आडवी घालायची की उभी, अंडं कुठल्या कोपऱ्यात बसेल, मासा कुठे, हे जुळवत बसणं हा त्या गेमचा अर्धा आनंद, असं जाणकार सांगतात. कोकणात जायच्या आदल्या रात्री माझा नवरा गाडीची डिकी तशी भरतो. आधी सगळं सामान पार्किंगमध्ये मांडतो, मग कमरेवर हात ठेवून त्याकडे बघतो.

“आई, ही पिशवी उभी बसणार नाही.”

“अरे, त्यात लाडू आहेत. आडवी केलीस तर भुगा होईल.”

“मग छत्र्या मागच्या सीटखाली घेतो, म्हणजे बॅग फिरवता येईल.”

बॅग फिरते. डिकी बंद होते. त्याच्या तोंडावर असं समाधान पसरतं, जे आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळीही मी पाहिलं नव्हतं. येताना मामेसासऱ्यांनी एक फणस दिला. फणस कुठल्याच चौकोनात बसत नाही. हा माणूस, ज्यानं मढी, राक्षसी कोळी आणि साडेनऊ फुटी सरदारीण यांना तोंड दिलं, तो त्या फणसापुढे हात टेकून उभा राहिला. शेवटी फणस माझ्या मांडीवर पुण्याला आला.

सायलेंट हिलचा माणूस सामानावरून ओळखता येत नाही, कारण त्याचं सामान नेहमी घरी राहिलेलं असतं. तो ओळखायचा अर्थावरून. त्याच्या गावात सदैव धुकं. जुन्या प्लेस्टेशनच्या ताकदीला लांबचं दृश्य रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून करणाऱ्यांनी पुढचं सगळं धुक्यात बुडवलं. माझा दीर हे नाकारत नाही. उलट डोळे मिटून म्हणतो, “वहिनी, मर्यादा लपवता लपवता त्यांनी मन उघडं केलं.” खिशातला रेडिओ जवळ काही आलं की खरखरतो, काय आलं ते दिसत नाही. रस्त्यांना ब्लॉक, ब्रॅडबरी, मॅथिसन अशी लेखकांची नावं. आणि २००१ सालच्या दुसऱ्या भागात तर जे जे अंगावर येतं ते सगळं नायकाच्या मनातूनच निघालेलं. डोक्यावर लोखंडी पिरॅमिड घातलेला एक आडदांड इसम केवढा थोरला सुरा फरफटत येतो. तो म्हणजे नायकाला हवी असलेली शिक्षा. एवढं कळल्यावर माणूस साध्या गोष्टीला साधी कशी म्हणेल? स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर गळत होता.

“हा नुसता नळ नाहीये,” दीर म्हणाला. “हे घर काहीतरी सांगतंय.”

“सांगतंय ना,” माझी जाऊ म्हणाली, “प्लंबरला फोन करा म्हणतंय.”

त्या दुसऱ्या भागाचे शेवट अनेक आहेत आणि कुठला मिळणार हे आपल्या वागण्यावरून ठरतं. बायकोचा फोटो तुम्ही काढून बघता का, जखमी अवस्थेत किती वेळ रेंगाळता, कोणाचा तरी चाकू न्याहाळत बसता का, याची नोंद गेम गुपचूप ठेवतो आणि शेवटी हिशेब समोर टाकतो. मला ही युक्ती मनापासून आवडली. पण तिचा परिणाम असा की दिराला ताप आला तर तो लगेच गोळी घेत नाही. तसाच झोपून आढ्याकडे बघतो. जावेनं एकदा विचारलं, “काय बघताय?” तर म्हणे, “कुठल्या शेवटाकडे चाललोय ते.”

आता वाद. वाद दर वेळी तोच असतो, पण गवई जसा रोज तोच राग नव्यानं मांडतो तसा हे दोघे तो मांडतात. सुरुवात बहुधा दिराकडून होते.

“दादा, तुझ्या पहिल्या भागातले संवाद आठव. खाली येणाऱ्या छतातून बॅरी त्या जिलला वाचवतो, ती मरता मरता वाचलेली आहे, आणि हा तिला काय म्हणतो? तुझं सँडविच झालं असतं!”

“आणि तुझ्या दुसऱ्या भागात एवढं मनोविश्लेषण करून एका शेवटात काय कळतं? सगळा कारभार आतून एक कुत्रं चालवत होतं.”

“तो गमतीचा शेवट आहे. बाकीचे शेवट पाहिल्यावर मिळतो.”

“सँडविचही गंमतच होती.”

“नव्हती, दादा. तीच तर गंमत आहे.”

मग थोडी शांतता, शेंगदाणे, आणि मूळ मुद्दा. दीर म्हणतो, तुझी भीती संपते. शेवटी कोणीतरी रॉकेट लाँचर फेकतं, तू तो राक्षसावर झाडतोस, हेलिकॉप्टर येतं, सकाळ होते. नवरा म्हणतो, मग काय, जन्मभर उराशी घेऊन बसायची? माझ्या मते अख्ख्या वादाचं सार या दोन वाक्यांत आहे. थोरल्याला भीती म्हणजे काम वाटतं: किल्ली शोधा, काडतुसं मोजा, नकाशावर खूण करा, संपवा. धाकट्याला ती ओळखीचं माणूस वाटते. तिला बसायला सांगायचं, बोलतं करायचं. गृहकर्जाचा हप्ता वाढला तेव्हा एकानं एक्सेलमध्ये तक्ता केला आणि दुसरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. हप्ता दोघांनीही तितकाच भरला.

दोन्ही पंथांना आपापली दुखणी आहेत आणि ती वेळेवर बाहेर काढली जातात. २०१२ साली रेसिडेंट ईव्हिलचा सहावा भाग आला. त्यात इतके स्फोट होते की भीतीला आत यायला जागाच उरली नव्हती. तेव्हा नवरा काही दिवस फार सौम्य वागत होता. पण धाकट्याचं दुःख त्याहून खोल. चार भाग करून मूळ मंडळी पांगली आणि पुढचे भाग परदेशातल्या निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. २०१२ मध्येच जुने भाग चकचकीत करून पुन्हा विकायला काढले, तर धुकंच विरळ झालं. मागचं अर्धवट तळं आणि संपलेली जमीन उघडी पडली. त्यानं ती डिस्क घरात कोणाला दाखवली नाही.

पुढे २०१४ साली प्लेस्टेशनवर नव्या सायलेंट हिलची ‘पी. टी.’ नावाची एक चकटफू झलक आली. एकच एल आकाराचा बोळ, त्यातून पुन्हा पुन्हा जायचं, आणि दर खेपेला काहीतरी बदललेलं. मागे गेमवाले हिदेओ कोजिमा आणि सिनेमावाले गियेर्मो देल तोरो. माझ्या दिराला दिवस पालटले असं वाटलं. २०१५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला, झलकही दुकानातून काढून टाकली, आणि कोनामीनं सायलेंट हिलच्या नावानं जपानी जुगारखान्यातलं पाचिस्लॉट यंत्र बाजारात आणलं. ज्याच्या कन्सोलमध्ये ती झलक उतरवलेली होती, त्याच्याकडेच ती राहिली. माझ्या जावेच्या घरात माळ्यावर एक जुना कन्सोल जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवलेला आहे. दिवाळीच्या साफसफाईत तिथे झाडू न्यायची परवानगी नाही. ती म्हणते, “सासऱ्यांचा सोवळ्याचा मुकटा परवडला.”

त्यानंतरची वर्षं माझ्या नवऱ्याच्या विजयाची. २०१७ मध्ये सातवा भाग आला, २०१९ मध्ये दुसऱ्याची नवी आवृत्ती, दोन्हींची सगळीकडे वाहवा. शनिवारी हा छाती काढून बसे आणि धाकटा म्हणे, “हो दादा, छान आहे.” बस. ना सँडविच, ना संवाद. नवरा कासावीस झाला. “हा बरा आहे ना?” मला विचारू लागला. वाद जिंकायला समोर निदान एक गाव शिल्लक लागतं, आणि सायलेंट हिल तर उठलं होतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कोनामीनं दुसरा भाग नव्यानं करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा समोरच्या फ्लॅटची बेल धाकट्यासाठी कोणी बडवली असेल? याच माणसानं. धाकट्यानं बातमी वाचली आणि पहिलं वाक्य उच्चारलं, “बिघडवून ठेवणार बघ.” नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला.

ब्लूबर टीम या पोलंडच्या कंपनीनं तो २०२४ मध्ये आणला. तोपर्यंत धाकट्यानं तो न बघताच नापसंत केलेला होता. मग बघितला, डोळे पुसले, आणि पुन्हा भांडण जुंपलं; कारण आता कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे होता.

“हा आमच्या चौथ्या भागाचा कॅमेरा,” थोरला म्हणाला.

“आणि तुमच्या सातव्यातलं ते स्वतःच्या डोळ्यांनी घरभर फिरणं कोणाचं? पी. टी.चंच ना?”

“आमचं काम त्याच्या आधीच सुरू झालं होतं.”

‘आमचं’ असं हा माणूस ज्या कंपनीबद्दल म्हणतो तिनं त्याला आजवर बिलांखेरीज काही पाठवलेलं नाही.

तेवढ्यात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. या दोन मालिकांचे जे भाग हे दोघे देव्हाऱ्यात ठेवतात, त्यांची सुरुवात एकच आहे. सायलेंट हिलच्या दुसऱ्या भागात नायक जेम्सची बायको तीन वर्षांपूर्वी आजारानं वारलेली असते. तिचं पत्र येतं आणि तो धुक्यातल्या गावी जातो. रेसिडेंट ईव्हिलच्या सातव्या भागात ईथनची बायको तीन वर्षं बेपत्ता असते. तिचा मेल येतो आणि तो लुइझियानातल्या एका पडक्या घरी जातो. मी आणि जावेनं एकमेकींकडे बघितलं. मग मी नवऱ्याला विचारलं, “समज, मी तीन वर्षं नाहीशी झाले आणि तुला माझा निरोप आला. काय करशील?”

तो गंभीर झाला. “कुठून आला ते आधी बघेन. मग टॉर्च, सेल, पॉवर बँक, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. डिकीत जागा करावी लागेल.”

“निघशील कधी?”

“बॅग बसली की लगेच.”

जावेनं दिराकडे पाहिलं. तो तत्क्षणी म्हणाला, “मी तसाच निघेन. एक क्षण थांबणार नाही.” तिचा चेहरा उजळतो न उजळतो तोच त्यानं पुढे जोडलं, “कारण तिथं जाऊन मलाच माझ्याबद्दल काहीतरी कळणार असेल ना.” त्या जेम्सला शेवटी काय कळतं, ते तिला ठाऊक आहे. बायकोला उशीनं त्यानंच मारलेलं असतं. ती उठून चहा टाकायला गेली. मीही गेले.

तिथं ओट्यापाशी आमचं ठरलं. दोघींपैकी कोणी हरवलीच, तर निरोप नवऱ्याला धाडायचा नाही, एकमेकींना धाडायचा. ती रिक्षा करून येईल, आणि येताना दुधाची पिशवीही आणेल.