उसाच्या तालुक्यात निवडुंग

कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. एवढ्या नद्यांच्या शिरोळ तालुक्यात राहून वाळवंटी झाडांची चित्रं काढणं ही निव्वळ अंगातली खाज आहे, असं आमच्या आत्तीचं मत आहे.

"काटंच काढायचं असलं तर वांग्याच्या देठाला हाईत की रं," ती म्हणते. तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कृष्णाकाठचं वांगं सकाळी मॉडेल म्हणून बसतं आणि दुपारी भरून ताटात येतं. घायपाताचं काय करायचं?

पण मला नाद घायपाताचा, कोरफडीचा आणि फड्या निवडुंगाचा. उसाचा हिरवा ट्यूब पिळली की आयता निघतो. घायपाताच्या पात्याला मात्र अल्ट्रामरीन, त्यात जरासा बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीन नावापुरता, तेव्हा कुठं तो राखट हिरवा डोळे उघडतो. काट्याची तर आणखी गंमत. पारदर्शक जलरंगात पांढरा काटा रंगवायचा नसतो, वगळायचा असतो. कागदाचा पांढरा राखायचा आणि भोवतीनं अंधार भरायचा. जाणकार त्यासाठी मास्किंग फ्लुइड लावतात. मी लोडशेडिंगच्या काळातली उरलेली मेणबत्ती घासतो; मेणावर रंग ठरत नाही. तेवढ्यानं भागलं नाही, तर कागद खडखडीत वाळल्यावर ब्लेडच्या टोकानं एकेक काटा खरवडायचा.

खडखडीत! श्रावणात! नृसिंहवाडीला पाणी चढलं की नदी उत्तरेच्या दारानं देवळात शिरते, पादुकांवरून जाते आणि दक्षिण दारानं बाहेर पडते. लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. जिथं देवाचाच गाभारा वाळत नाही, तिथं माझ्या वॉशची काय कथा? बायकोकडं हेअर ड्रायर मागितला, तर ती आधी चित्राकडं बघते, मग माझ्याकडं, मग विजेच्या मीटरकडं.

तसा रंगाच्या डबीवर उंट असतो. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाईचा धंदा काढला, त्यातून पुढं हा उंट शाळकरी दप्तरांत पोचला. महापुराच्या तालुक्यात वाळवंटाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणाल तर तोच एक. बाकी कोल्हापूरकरांचा जलरंग पाण्याशीच इमान राखून आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा रंगवला, पंचगंगा रंगवली. पाण्यानं पाणी रंगवणं घराण्याला धरून झालं, आम्ही घराण्याबाहेरचे.

आणि माझं मॉडेलही इथलं नाही. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्याच्यावर कोचिनील नावाचा किडा जगतो आणि त्या किड्यापासून किरमिजी रंग होतो. या रंगाच्या लोभानं इंग्रजांनी 1795 मध्ये तो किडा हिंदुस्थानात आणला. आला तो भलत्याच जातीचा. रंग दिला बेताचा, निवडुंग मात्र मन लावून खाल्ला. आता डबीतला किरमिजी बहुधा रासायनिक असतो, तरी निवडुंगाचं पिकलं बोंड रंगवताना मी त्या किड्याला मनोमन नमस्कार करतो.

खरं तर वाळवंट शोधायला शिरोळकराला लांब जावं लागत नाही. उसाला पाट भरभरून पाणी पाजलं, निचऱ्याची वाट बुजली, की जमिनीखालचं पाणी वर येतं. उन्हानं ते उडून जातं आणि क्षार वर पांढरे उरतात. कागदावर डबकं राहिलं की रंगाचंही हेच होतं, पाणी उडतं आणि कडेला डाग बसतो. म्हणजे अति पाण्यानं चित्र नासतं तसं इथं रान नासलंय. दत्त साखर कारखान्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून अशी बरीच क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणलीत. मी मात्र न आणलेल्या एका रानाच्या बांधावर बसतो. पांढरी जमीन, वेडी बाभळ, बांधावर निवडुंग. राजस्थानचं तिकीट वाचतं.

अडचण एवढीच की आमच्याकडं बांधावर फळी घेऊन बसलेला माणूस मोजणीचाच असतो.

"साहेब, नोटीस न्हाई, काय न्हाई, आणि थेट मोजणी?" मालक धावत आला. मी चित्र दाखवलं. त्यानं ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. काटे त्याला पटले. सावलीही पटली. मग निवडुंगाच्या बुडाशी बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "ह्यो जरा हिकडं सरकवा की. दोन फूट."

चित्राच्या रचनेला ते बरंच दिसलं असतं. पण पलीकडच्या रानातून त्याचा चुलतभाऊ चष्मा पुसत आमच्याकडंच यायला निघाला होता.