कै. हायपरलूपराव यांस, मु. पो. पोकळी

कुसगाव, ता. मावळ
३१ डिसेंबर २०२५

कै. हायपरलूपराव यांस,

स. न. वि. वि.

आज तुमची दुसरी पुण्यतिथी. तुम्हाला जन्माला घालू पाहणारी कंपनी ३१ डिसेंबर २०२३ रोजी कायमची बंद झाली. तारीख मोठी सोयीची निवडलीत. आमच्याकडे या रात्री कुणीच झोपत नाही, त्यामुळे तिथी विसरायची सोय नाही.

दुपारपासून एक्स्प्रेस वेवरून उतरणाऱ्या गाड्यांची रांग कुसगावात लागली आहे. थर्टी फर्स्टचं पब्लिक. कुणाचं बॉनेट उघडं आहे, कुणी दाराशी उभं राहून आळस देतंय, आणि रांगेच्या कडेकडेनं भाजलेल्या शेंगांच्या पुड्या विकणारी पोरं त्या सगळ्यांपेक्षा वेगानं पुढं सरकतायत. एका गाडीची काच खाली आली. आतून एका पोरानं विचारलं, "काका, लोणावळा किती लांब?"

"चार किलोमीटर असेल."

"ते नाही हो. वेळ किती?"

मला काही सांगता येईना, आणि तुमची आठवण आली. असल्या प्रश्नाला छातीठोक उत्तर देणारे आमच्या ओळखीत तुम्ही एकटेच. पुणे ते नवी मुंबई विमानतळ ते मुंबई, पंचवीस मिनिटं! घाटबीट, दरडबिरड, सगळं धरून.

तुमची पत्रिका पुन्हा वाचली. १८ फेब्रुवारी २०१८ हा दिवस. वांद्रे-कुर्ला संकुलात मॅग्नेटिक महाराष्ट्रचा सोहळा, व्यासपीठावर पंतप्रधान, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि तुमच्या कंपनीचे दाढीवाले रिचर्ड ब्रॅन्सन. तुमचा करार त्या दिवशी जाहीर झाला. त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळाची कोनशिलाही बसली. म्हणजे तुम्ही आणि तो विमानतळ जुळे भाऊ म्हणा. त्यातला एक रडत-रखडत, मुदती चुकवत, पण वाढला. गेल्या आठवड्यात, २५ डिसेंबरला, तिथून प्रवासी विमानं उडू लागली. दुसऱ्याचं बारसं इतकं दणक्यात झालं, की पाळण्यात बाळ आहे का ते बघायचं राहून गेलं.

बारशाला बोलले काय काय! ताशी हजार किलोमीटरचा वेग. वर्षाला पंधरा कोटी फेऱ्या, म्हणजे दिवसाला चार लाखांहून जास्त. तीस वर्षांत पंचावन्न अब्ज डॉलरचा सामाजिक-आर्थिक फायदा. यातला 'सामाजिक' कुठं संपतो आणि 'आर्थिक' कुठून सुरू होतो, हे मी पुष्कळांना विचारलं. आमच्याकडे त्याचा अर्थ एका जमीन एजंटानं समजावला. सातबारा काखेत मारून तो माझ्या चुलतभावाकडे आला आणि म्हणाला, "गहुंज्याला याचा पहिला ट्रॅक पडतोय. आत्ता गुंठा घेतला तर घेतला." मला वाटतं, तो आर्थिक. सामाजिक म्हणजे त्यानंतर भावाभावांत झालं ते.

माझी आई तेव्हा होती. पेपरात आलेला तुमचा नकाशा मी तिला दाखवला. वाकडपासून वांद्र्यापर्यंत एक सरळसोट रेघ. ती आयुष्यभर लोकलनं फिरलेली. इंद्रायणी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन दापोडीला बहिणीकडे जायची. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड... ही नावं ती जपमाळ ओढल्यासारखी म्हणायची. नकाशावर बोट फिरवून तिनं विचारलं, "लोणावळ्याला थांबतो का?"

"नाही."

"कामशेतला?"

"अगं, तो मधे कुठंच थांबत नाही."

"मग आपल्याला कशाला दाखवतोस?" असं म्हणून तिनं पेपर पुन्हा डाळीवर झाकला.

हायपरलूपराव, तुमच्यावर पानंच्या पानं लिहिलेल्या तज्ज्ञांपैकी कुणीच हा साधा प्रश्न नीट विचारला नाही. तुम्ही आमच्या डोक्यावरून जाणार होतात, दोन्ही अर्थांनी.

बरं, तुमची कुंडलीही तपासू. २०१३ साली इलॉन मस्क यांनी एक कागद लिहिला: नळीतली हवा काढून घ्या, डबा तरंगवा, सोडून द्या. त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. तुमच्या कंपनीनं नावं इतक्यांदा बदलली, की आमच्याकडच्या फुटलेल्या पक्षांनीही कान धरावेत. आधी हायपरलूप टेक्नॉलॉजीज, मग हायपरलूप वन, मग व्हर्जिन हायपरलूप वन, मग नुसतं व्हर्जिन हायपरलूप, आणि शेवटी व्हर्जिन गेलं, वन परत आलं. एवढ्या धावपळीत प्रत्यक्ष रस्ता किती झाला? नेवाडाच्या वाळवंटात पाचशे मीटर. लोणावळ्याला चोवीस डब्यांची एक्स्प्रेस उभी राहते ना, तिच्यापुढे तुमची नळी तोकडी पडली असती. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या नळीत माणसं बसली. त्यात पुण्याचा एक इंजिनिअरही होता, म्हणून इकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. वेग ताशी १७२ किलोमीटर, वेळ पंधरा सेकंद. पंधरा सेकंद! आमच्या लोकलमध्ये तेवढ्यात पिशवी वरच्या फळीवर ठेवून होत नाही.

आणि तरीही तुमच्या पायी इथं केवढं राजकारण झालं! २०१९ च्या उन्हाळ्यानंतर मंत्रिमंडळानं तुम्हाला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. खर्चाचा अंदाज ७०,००० कोटी रुपये. मग सरकार बदललं. जानेवारी २०२० मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी हिशेबी माणसासारखं विचारलं, की जगात कुठं चालू नसलेल्या गोष्टीचा प्रयोग आपणच का करायचा? आधी दुसरीकडे चालू दे, मग बघू. झालं! एक बाजू ओरडली, 'स्थगिती सरकार', प्रगतीचे मारेकरी, गेली महाराष्ट्राची संधी. दुसरी बाजू म्हणाली, वाचले जनतेचे पैसे. दोघांनीही पत्रकार परिषदा घेतल्या. नसलेली गाडी कुणी थांबवली, यावर वर्षभर वाद चालला. म्हैस पाण्यात असताना तिचं मोल करणारे आम्ही ऐकले होते. इथं पाण्याचाही पत्ता नव्हता.

पुढं २०२२ मध्ये सरकार फिरलं. तुमचे कैवारी परत आले, पण तुम्हाला उठवायला कुणी गेलं नाही. पुढं फडणवीस आणि अजित पवार एकाच मंत्रिमंडळात शेजारी बसले. तुमचं नाव निघालं असेल का हो तिथं? निघालं असेल, तर कुणी खाली बघितलं असेल?

तुमचे भक्त म्हणायचे, पैसा खासगी होता, तुमच्या खिशातून काय जात होतं? खरं आहे. आमच्या खिशातून पैसा गेला नाही. गेलं ते लक्ष. मंत्रालयातले तास गेले, अधिकाऱ्यांचे दौरे गेले, अहवाल गेले, वर्तमानपत्रांची पहिली पानं गेली. आणि वाहतुकीवरच्या खर्चाचा सगळा वाद तुमच्या एका ७०,००० कोटींच्या आकड्याभोवती फिरत राहिला. एवढा मोठा आकडा समोर असला, की बाकीचे आकडे चिल्लर वाटू लागतात.

ती चिल्लर मोजून दाखवतो. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. मार्ग दोनच, त्यावरच मुंबईच्या एक्स्प्रेस, त्यावरच मालगाड्या, त्यावरच आम्ही. दुपारच्या लोकलसाठी किती अर्ज, किती निवेदनं, किती उपोषणं झाली, ते मावळातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारा. तिसरी आणि चौथी मार्गिका टाका, हे मागणं मी केस काळे असल्यापासून ऐकतोय. त्या मार्गिकांना राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली ती २०२५ साली. खर्च ५,१०० कोटी, त्यातला निम्मा राज्याचा. मान्यता म्हणजे रूळ नव्हेत, हे आम्हाला कळतं. तरी निदान कागदावर स्टेशनांची नावं आहेत. आता भागाकार करा: तुमच्या एका रकमेत असे तेरा प्रकल्प बसतात, वर तीन हजार सातशे कोटी सुट्टे उरतात. शेंगांना म्हणून ठेवा.

आणि आमच्या गावाचंच बघा. एक्स्प्रेस वेची 'मिसिंग लिंक' खोपोलीकडून येते ती आमच्या कुसगावाला टेकते. १३.३ किलोमीटर. दोन बोगदे, त्यातला मोठा जवळपास नऊ किलोमीटरचा, तोही लोणावळ्याच्या तलावाखालून. टायगर व्हॅलीवर केबलचा पूल. खर्च साडेसहा हजार कोटींच्या वर. २०१९ पासून काम चाललंय, मुदती पुढं पुढं सरकल्या, आज ३१ डिसेंबरलाही ती उघडलेली नाही. सुरुंगांचे हादरे, डंपरची धूळ, सगळं आम्ही सोसलं. आणि एवढा डोंगर पोखरून वाचणार किती? वीस-पंचवीस मिनिटं.

हायपरलूपराव, जेवढ्या वेळात तुम्ही आम्हाला पुण्याहून मुंबईला पोचवणार होतात, तेवढाच वेळ नुसता वाचवायला खऱ्या माणसांना सहा-सात वर्षं लागली. बोरघाट असाच आहे. १८६३ मध्ये रेल्वे तो चढली, तेव्हा हजारो मजुरांची हाडं त्यात गेली. आजही कर्जतला गाडीच्या मागं बँकर इंजिनं लावतात, तेव्हा कुठं ती वर येते. हा घाट कुणाला फुकट वर येऊ देत नाही. तुम्ही एकटेच असे निघालात, की ज्यांना तो दिसलाच नाही.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. मावळात 'नळी' हा शब्द जपून वापरावा लागतो. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाचं पाणी बंद पाइपमधून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करत शेतकरी बऊरजवळ याच एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेली. पाइप आमच्या शिवारातून, पाणी पुढच्यांना, हे दुखणं होतं. तुमचा आराखडा दाखवायला जे साहेब आले, त्यांच्यापैकी कुणाला ती तारीख ठाऊक होती का? शिवार आमचंच, नळी पुन्हा एकदा, आणि आतून जाणारं पुढच्यांचं. फक्त पाण्याच्या जागी माणसं. तुम्ही न येता गेलात, हे त्यातल्या त्यात तुमचे उपकार.

म्हणून रागावलेलो नाही. उलट, तुमच्याइतका निष्कलंक प्रकल्प महाराष्ट्रानं पाहिला नाही, याची ग्वाही देतो. तुमच्यात खड्डा पडला नाही. तुमच्यावर दरड कोसळली नाही. तुमचा टोल वाढला नाही. तुम्ही एक मिनिटही उशिरा आला नाहीत. असले गुण फक्त न झालेल्या कामांतच सापडतात, आणि म्हणूनच पुढाऱ्यांना ती कामं फार आवडतात.

रांग आता तसूभर हललीय. मघाचा पोरगा चार गाड्या पुढं गेला. शेंगा विकणारी पोरं पार वळणापलीकडे पोचली.

कळावे. लोभ नव्हताच, तेव्हा असावा असं लिहीत नाही.

आपला,
कुसगावचा एक पास-होल्डर

ता. क. : ऐकलं ते खरं का? २०२५ मध्येच राज्य सरकारनं जेएनपीटी ते वाढवण मालवाहतुकीसाठी तुमच्याच जातकुळीच्या तंत्राचा नवा करार केला म्हणे, या वेळी आयआयटी मद्रासमधून निघालेल्या कंपनीशी. म्हणजे पुनर्जन्म झाला तर! आनंद आहे. आई आता नाही, तिचा प्रश्न मीच पाठवतो: मधे कुठं थांबतो का? उत्तर सवडीनं द्या. आम्ही स्टेशनवरच आहोत.